पाहुण्यांना दिलेलं पाणी

आमच्या रसायनशास्त्र विभागात फ्रिजवरून काही वर्षं रोज भांडणं व्हायची. फ्रिज एकच, आणि तो रसायनांसाठी, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं. पण आमच्याकडचा उन्हाळा असा की माणूस वाचलेलं विसरतो. त्यामुळे त्यात ताकाच्या बाटल्या, कुणाचं कापलेलं खरबूज, कुणाच्या नातवाचं औषध असं काहीबाही असायचं. आणि एक आख्खा कप्पा भरून लासूरकडच्या विहिरींचं पाणी. प्रत्येक बाटलीवर पट्टी आणि पट्टीवर विहिरीची खूण, "चिंचेजवळची", "मारुतीमागची", "उकिरड्याकडची". एकदा एका सहकाऱ्याने उन्हातून येऊन त्यातलीच एक बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. मी त्याच्यावर इतकी ओरडले की पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याला काही झालं नव्हतं. पण नमुना गेला होता, आणि सहकारी काय, पुष्कळ होते.

ते पाणी माझ्या विद्यार्थिनीचं. पीएचडीसाठी माझ्याकडे नाव नोंदवलेली मुलगी, लासूर स्टेशनपासून थोडं आत असलेल्या एका गावातली, शेतकऱ्याघरची. विभागात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारायचं नाही, सगळे "लासूर" म्हणायचे. "लासूर आली का?" "लासूरला विचारा, चावी तिच्याकडे आहे." ती सकाळच्या पॅसेंजरने यायची. हातात थर्माकोलचा खोका, खोक्यात बर्फ, बर्फात बाटल्या. बर्फ ती स्टेशनसमोरच्या गोळेवाल्याकडून घ्यायची आणि तो तिला नेहमी विचारायचा की ताई, रोज एवढ्या बर्फाचं करता काय.

मी तिला दुसराच विषय दिला होता. तो तिने आठवडाभर वाचला, आणि परत येऊन म्हणाली की मॅडम, हे मला जमंल, पण मला आमच्या हिरीत काय हाय ते बघायचंय. मी तशी तापट बाई आहे, विद्यार्थ्याने विषय परत केला की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असा प्रश्न घेऊन आलं होतं ज्याचं उत्तर त्याला खरंच हवं होतं.

तिचा प्रश्न साधा होता. शेतात युरिया पडतो, विहिरीलगत उकिरडे असतात, पावसात ते सगळं झिरपून विहिरीत उतरतं. त्यातून पाण्यात नायट्रेट वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला पिऊन लगेच काही कळतही नाही. पण अगदी लहान बाळाला त्या पाण्यात दूध कालवून पाजलं तर त्याच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, बाळ निळं पडतं. कोणती विहीर कोणत्या ऋतूत किती बिघडते, हे ती वर्षानुवर्षं मोजत होती. ती काही हुशारीत चमकणारी मुलगी नव्हती. हळू काम करायची, एकच मोजणी परत परत करायची, आणि आकडा जुळला नाही तर जेवायची नाही.

दर फेरीनंतर ती एक गोष्ट करायची, जी मी तिला सांगितली नव्हती. मोठ्या कागदावर मराठीत लिहायची, कुठल्या विहिरीचं पाणी चालेल आणि कुठल्या विहिरीचं बाळाला देऊ नये. तो कागद ती गावातल्या पिठाच्या गिरणीत चिकटवायची. ग्रामपंचायतीच्या फळ्यापाशी पुरुष बसतात, ते फळ्याकडे पाठ करून बसतात. गिरणीत बायका दळण होईपर्यंत उभ्या असतात, त्यांना वाचायला वेळ असतो, असं तिचं म्हणणं. आणि त्याचा परिणाम व्हायचा. बाळंतिणींच्या घरी लांबच्या चांगल्या विहिरीवरून पाणी यायला लागलं. एक उकिरडा भावकीत पुष्कळ भांडणं होऊन का होईना, पण हलला. तिच्या आईने तर घरामागची विहीर फक्त जनावरांना आणि धुण्याभांड्याला ठेवली. मला वाटायचं, संशोधन म्हणजे आणखी काय असतं?

विद्यापीठाला तसं वाटत नव्हतं. प्रबंध सादर करायच्या आधी ठरावीक यादीतल्या जर्नलांमध्ये दोन शोधनिबंध छापून यायला हवेत, हा नियम. आम्ही निबंध लिहिला, पाठवला, परत आला. दुसरीकडे पाठवला, तिकडूनही परत आला. तिसरीकडे त्यांनी सात महिने ठेवून घेतला आणि मग परत केला. सगळ्यांचं म्हणणं एकच, भाषा फक्त वेगळी. काम स्थानिक महत्त्वाचं आहे, पद्धत जुनी आहे, जगाच्या ज्ञानात भर पडत नाही. मी ती पत्रं वाचून विभागात मोठ्याने म्हणाले की लासूरची बाळं जगात मोडत नाहीत हे मला आजच कळलं. सगळे हसले. मी हसले नव्हते.

मधल्या काळात तिने एका शेतकी मासिकात मराठीत लेख लिहिला. त्यावर तिला कन्नडपासून खुलताबादपर्यंत कुठून कुठून फोन आले, आमच्या विहिरीचं पण बघा म्हणून. एक आजोबा तर लोणच्याच्या बरणीत पाणी घेऊन थेट विभागात आले. बरणी नीट धुतलेली नव्हती, त्यामुळे त्या पाण्यात मीठ आणि मोहरी सोडून काहीच कळलं नाही, पण माणूस आला होता. वर्षाच्या शेवटी गुण भरताना त्या लेखापुढे शून्य. मराठी मासिक यादीत नाही.

त्याच विभागात, त्याच फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात, आमच्या एका सहकाऱ्याचं पाल्याचं काम चालायचं. एखाद्या झाडाचा पाला आणायचा, उकळायचा, गाळायचा, त्यात चांदीचा क्षार घालायचा की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्यांचे मोठ्या यंत्रातून फोटो काढायचे, जंतू मरतात का ते बघायचं, झाला शोधनिबंध. कडुनिंबाचा झाला, मग तुळशीचा, मग सीताफळाचा, मग शेवग्याचा. त्यातले कण पुढे कुणाच्या कामी आले, हे कुणी विचारत नाही, आणि विचारायचंही नसतं. ते निबंध मात्र पटापट छापून यायचे, एकमेकांत त्यांचे दाखले दिले जायचे, आणि दाखले वाढले की माणसाचा प्रभाव वाढतो. तो माणूस वाईट नव्हता. उलट मला म्हणायचा, मॅडम, झाडं भरपूर आहेत, तुमच्या लासूरला पण एखादं देतो. मी म्हणायचे, तुमचं बरं आहे, झाडं संपली की निवृत्त व्हायचं.

तर अशात तिची मुदत संपत आली. नोंदणीची वर्षं भरली होती, वाढ एकदा मिळून गेली होती. आणखी एक मिळाली नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळी मोजणी, सगळ्या फेऱ्या, सगळं जागच्या जागी संपलं असतं. ती तेव्हा कन्नडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिथेही तिला दर वर्षी सांगत की पीएचडी झाली की बघू. ती तक्रार करत नव्हती. फक्त बाटल्यांवर पट्ट्या चिकटवताना तिचे हात पूर्वीपेक्षा जास्त वेळ घ्यायला लागले होते आणि मला ते बघवत नव्हतं.

आणि त्याच वर्षी आमच्या कॉलेजचं मूल्यांकन आलं. बाहेरची समिती येते, दोन-तीन दिवस राहते, सगळं तपासते, आणि कॉलेजला श्रेणी देते. त्या श्रेणीवर पुढची कितीतरी वर्षं सगळं अवलंबून असतं, म्हणून समिती यायच्या आधी वर्षभर कॉलेजात शिकवणं सोडून बाकी सगळं होतं. आमच्या गुणवत्ता कक्षाचे प्रमुख हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. स्वभावाने भला माणूस, अडल्यानडल्याला धावून जाणारा. पण त्यांनी हातात खडू धरून किती वर्षं झाली हे त्यांनाही आठवत नसेल. त्यांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटोवर जागा आणि वेळ उमटलेली हवी. आमचे एक जुने शिपाई वारले तेव्हा शोकसभा झाली, दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, आणि डोळे उघडले तर सर समोर मोबाइल धरून उभे. म्हणाले, एकदा परत माना खाली घालता का, मागची रांग आली नाही. आम्ही परत माना खाली घातल्या.

हे सर एक दिवस माझ्या खोलीत आले आणि दार लोटून बसले. त्यांना सामाजिक प्रभावाचं एक ठसठशीत उदाहरण हवं होतं. रक्तदान, वृक्षारोपण सगळ्यांचंच असतं, म्हणाले. तुमच्या लासूरचं काम मात्र वेगळं आहे. ते गाव आपण कॉलेजचं दत्तक गाव म्हणून दाखवू, समितीला तिकडे घेऊन जाऊ. मी विचारलं, तिला काय मिळणार? तेव्हा ते म्हणाले की प्राचार्यांशी बोलणं झालंय. समितीच्या अहवालात या कामाबद्दल एक चांगलं वाक्य आलं की तेवढं वाक्य घेऊन प्राचार्य स्वतः विद्यापीठात जातील, आणि मुदतवाढ कशी मिळत नाही ते बघू.

मला तो सगळा तमाशा नको होता. पण अडला हरी, तशी माझी गत. मी तिला विचारलं. ती म्हणाली की आणायचं तर आणू, मॅडम, खरं हाय ते खरंच दिसंल.

समिती गावात आली त्या दिवशी गाव ओळखू येत नव्हतं. वेशीवर फ्लेक्स, त्यावर आमच्या प्राचार्यांचा फोटो आणि त्याखाली बारीक अक्षरात गावाचं नाव. शाळेची मुलं लेझीम घेऊन उन्हात उभी. रस्ता झाडलेला, दारोदार रांगोळ्या. तिच्या आईने अंगण शेणाने सारवलं होतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, सारखी आत-बाहेर करत होती. मला बघून म्हणाली, "बाई, लेकीचे गुरू तुम्ही, अन् तुमचे बी गुरू आले आज. आमचं भाग्य लई मोठं."

समितीतल्या दोघांना शाल-श्रीफळाशी आणि घड्याळाशी कर्तव्य होतं. तिसरे मात्र रसायनशास्त्राचे, दक्षिणेकडचे, उंच, वयस्कर, हळू हिंदी बोलणारे. त्या सबंध तीन दिवसांत खरा प्रश्न विचारला तो फक्त त्यांनी. माझ्या विद्यार्थिनीला जवळ बोलावून त्यांनी विचारलं की सगळ्यात खराब विहीर कुठली. ती म्हणाली, आमचीच, घरामागची. ते म्हणाले की मग मला ती तपासणी इथेच करून दाखव, बघू या. माझं काळीज सुपाएवढं झालं. बरोबर हेच हवं होतं. त्या तपासणीत फार काही नसतं, नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं. नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होतं, आणि जितकं गुलाबी तितकं वाईट. तिच्या विहिरीचं पाणी मी गडद गुलाबीपेक्षा फिकट कधी पाहिलं नव्हतं.

ते विहिरीकडे जायला निघाले तर सरपंचांनी हात जोडून आडवं येत त्यांना थांबवलं. मागं चिखल आहे, जनावरं आहेत, पाहुण्यांनी तिकडे कशाला जायचं, पाणी इथंच येईल. त्या वयस्कर प्राध्यापकांच्या गुडघ्याला पट्टा होता, त्यांनीही फार आग्रह धरला नाही. तिच्या आईने सगळं ऐकलं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या दोन्ही हातांत धरून आली, पाहुण्यांसमोर वाकून ठेवला, आणि पदर सावरत बाजूला झाली.

त्यांनी स्वतः नळी भरली. पूड टाकली. हलवली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो, लेझीमवाली मुलंसुद्धा. पाणी जसंच्या तसं राहिलं. त्यांनी नळी उन्हाकडे धरली, थोडं थांबले, मग दुसरी नळी घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच, नितळ पांढरं. त्यांनी माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी निराशा होती, आणि तीच मला जास्त लागली. "ये तो बहुत अच्छा पानी है," ते म्हणाले.

सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या गावाने वाजवल्या. गावचं पाणी एवढ्या मोठ्या माणसाने चांगलं म्हटलं होतं, टाळ्या वाजवणार नाहीत तर काय करतील! तिची आई सगळ्यात आनंदात होती. तिने लेकीच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. आमचे गुणवत्ता कक्षाचे सर मोबाइल घेऊन पुढे सरसावले, तांब्या, नळी, पाहुणे, टाळ्या, सगळं जागा आणि वेळेसकट टिपलं.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. तिची नजर त्या तांब्यावर होती. तांब्या बाहेरून घामेजला होता, त्याच्या पोटावरून थेंब ओघळत होते. विहिरीचं पाणी असं कधी थंड नसतं. ते पाणी गावात लग्नकार्याला आणि पाहुण्यांना आणतात त्या थंड जारचं होतं. मला ते कळेपर्यंत समिती जेवायला उठली होती.

सगळे पांगल्यावर मी तिच्यावर चिडले. तिथल्या तिथे का बोलली नाहीस, दोन मिनिटांत विहिरीचं पाणी आणून दाखवलं असतं! ती घरामागच्या दगडावर बसली होती. म्हणाली, "सगळ्या गावासमोर आईला म्हणू का, की तू खोटं पाणी आणलं? तिनं काय खोटं केलं, मॅडम? ते पाणी वाईट हाय हे मीच तिला शिकवलंय. आता ती ते पाहुण्याच्या हातात कशी देईल? मेली तरी देणार नाय."

तिच्या सगळ्या वर्षांच्या कामाचा एवढा मोठा पुरावा दुसरा नव्हता, आणि त्याच पुराव्याने तिचा घात केला होता. मी तशीच उठले, विहिरीतून पोहरा ओढला, नळी भरली, पूड टाकली. पाणी बघता बघता गडद गुलाबी झालं. फोटो काढला, जागा आणि वेळेसकट, आणि गुणवत्ता कक्षाच्या सरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, समिती खूश आहे. आता तुम्ही आपल्याच दत्तक गावातलं पाणी खराब आहे हे सिद्ध करायला निघालात, तर अहवालात काय येईल त्याचा विचार करा."

मी त्या दक्षिणेकडच्या प्राध्यापकांना स्वतंत्र मेल लिहिला. उत्तर आलं नाही. समितीच्या सदस्यांनी कॉलेजशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नसतो, असा नियम असतो म्हणे. नियमाने चालणारा माणूस होता, त्याला मी दोष देत नाही.

अहवाल आला. कॉलेजला हवी होती ती श्रेणी मिळाली, पेढे वाटले गेले, बँड वाजला. अहवालात आमच्या कामाबद्दल चांगलं वाक्य होतं. महाविद्यालयाच्या प्रयत्नांमुळे दत्तक गावातल्या पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता सुधारली आहे, आणि हा उपक्रम अनुकरणीय आहे. खाली तांब्याचा फोटो. संशोधनाच्या रकान्यात वेगळं वाक्य होतं की विभागाने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्रकाशनांकडे लक्ष द्यावं.

प्राचार्यांनी शब्द पाळला, हे सांगायला हवं. ते खरोखर तो अहवाल घेऊन विद्यापीठात गेले. तिथल्या लोकांनी तो वाचला आणि फार रास्त प्रश्न विचारला. पाणी जर सुधारलंय, तर ही मुलगी प्रबंधात ते खराब आहे असं कसं लिहिते? दोन्हींतलं एक काहीतरी चुकीचं आहे, आणि अहवाल तर चुकीचा असू शकत नाही. या विषयाला मुदतवाढ नाही. विषय बदलला तर मात्र नियमात बसवता येईल.

मी खूप भांडले. ज्या ज्या टेबलापाशी भांडता येतं तिथे सगळीकडे भांडले. सगळीकडे मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तुमचं म्हणणं पटतं असं सांगितलं. एवढी पटणारी माणसं मी आयुष्यात एका वेळी पाहिली नव्हती. मी घरी येऊन रडले. रागाने रडले, आणि राग कुणावर काढावा हे कळेना म्हणून आणखी रडले.

ती रडली नाही. एक दिवस फ्रिज उघडून तिने आपला कप्पा रिकामा केला. बाटल्यांमधलं पाणी एकेक करून मोरीत ओतलं, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या, आणि पाल्याचं काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्याने बिचाऱ्याने आनंदाने सगळं शिकवलं. कुठलं झाड उरलंय याचा दोघांनी शोध घेतला. बाभळीवर बरंच झालेलं होतं, पण हिवराच्या पाल्यावर फारसं नव्हतं. हिवर तिच्या गावाच्या वेशीवर भरपूर. वर्षभरात दोन निबंध आले, दोन्ही यादीतल्या जर्नलमध्ये. एकात तर परीक्षकाने लिहिलं होतं की काम नावीन्यपूर्ण आहे. विषय बदलाच्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून मी सही केली. सही करताना मला शरम वाटली.

घरी तिने विषय बदलल्याचं सांगितलं नव्हतं. मला हे तोंडी परीक्षेच्या दिवशी कळलं, तिची आई सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसली तेव्हा. बरोबर कुणीच नव्हतं, बाई एकटी पॅसेंजरने आली होती, पिशवीत पेढे घेऊन. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, या संशोधनाचा समाजाला उपयोग काय? माझ्या विद्यार्थिनीने न अडखळता इंग्रजीत उत्तर दिलं, की हे कण भविष्यात पाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरता येतील. ते वाक्य सगळेच प्रबंधाच्या शेवटी लिहितात. परीक्षक समाधानाने हसले, अभिनंदन म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला त्यातलं "वॉटर" तेवढं कळलं असावं.

बाहेर व्हरांड्यात तिने मला पेढा भरवला, लेकीला भरवला, आणि विचारलं, "म्हंजी आता आमच्या हिरीचं काम झालं म्हणायचं?"

मी लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "व्हय, आई," ती म्हणाली. "झालं."

आईने कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि घरी लावला. तिच्या सुनेला तेव्हा बाळंत होऊन महिना झाला होता, आणि दूध पुरत नाही म्हणून बाळाला वरचं चालू होतं. लांबच्या विहिरीवरून पाणी आणणं आता आईच्या कंबरेला झेपत नव्हतं. ती फोनवर मोठ्याने सांगत होती की ताई डॉक्टर झाली, हिरीचं काम झालं, आता मागच्या हिरीचं पाणी उकळून बाळाच्या दुधाला घे.

उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. मी तिच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि सुनेला सांगितलं की नको, त्या विहिरीचं मुळीच नको, उकळूनसुद्धा नको.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता, फक्त समजत नव्हतं.

"नको म्हंजी कधीपर्यंत, बाई?"

दोन वर्षांत त्या विहिरीचं पाणी कुणी मोजलं नव्हतं आणि पुढे कुणी मोजणार नव्हतं. तिची लेक पेढ्याचा रिकामा कागद हातात घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मी फोन आईला परत दिला.